जंगलातल्या प्राण्यांच्या जोड्या: पालथी कार्डे आधी नकोत

आपण लिहिले आहे की, आपल्या पावणेचार वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला जंगलातल्या प्राण्यांच्या २४ जोड्यांचा, म्हणजे ४८ कार्डांचा संच भेट मिळाला. खोक्यावर ‘वय ३ वर्षांपासून पुढे’ असे छापलेले असूनही ती पालथी मांडलेली कार्डे एकामागून एक उलटत सुटते, आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही आणि जोडी जमली नाही की रडू लागते. कार्डे उताणी मांडली तर वाघ आणि बिबट्या एकमेकांशेजारी ठेवून ‘झाली जोडी’ म्हणते. तिची स्मरणशक्ती कमी आहे का, तिची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी का आणि कार्डांऐवजी मोबाइलवरचा असाच खेळ द्यावा का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी गेली २२ वर्षे बालवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते आणि प्राण्यांच्या जोड्या हा आमच्या वर्गातला वर्षभर चालणारा खेळ आहे. आपण केलेल्या वर्णनावरून मला तिच्या स्मरणशक्तीत काही उणे आहे असे वाटत नाही. खोक्यात संच एकच असला तरी त्या कार्डांत पाच-सहा वेगवेगळे खेळ दडलेले असतात आणि त्यांतला सर्वांत अवघड खेळ तिच्यासमोर पहिल्याच दिवशी मांडला गेला आहे. हा दोष आपला नाही, कारण खोक्यावरच्या सूचनेत बहुधा तेवढा एकच खेळ दिलेला असतो.

पालथ्या कार्डांच्या खेळात मुलाला एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कार्डावर कोणता प्राणी होता हे लक्षात ठेवायचे, तो नेमका कोणत्या जागी होता हे लक्षात ठेवायचे आणि हे दोन्ही मनात धरून असताना दुसऱ्याची पाळी संपेपर्यंत हात आवरायचा. मोठ्या माणसाला यातली तिसरी गोष्ट ओझे वाटतच नाही, परंतु पावणेचार वर्षांच्या मुलीची निम्मी शक्ती हात आवरण्यातच खर्च होते आणि तेवढ्यात पाहिलेला प्राणी मनातून निसटतो. माझ्या वर्गात तीन ते चार या वयाच्या बहुतेक मुलांना पालथ्या कार्डांच्या तीन जोड्या झेपतात, चार ते पाच या वयात चार ते सहा जोड्या आणि सहाव्या वर्षाच्या आसपास आठ-दहा जोड्या जमू लागतात. हे आकडे अनुभवाचे आहेत, ते मोजपट्टीसारखे लावू नयेत. घरात मोठे भावंड असेल, पत्ते खेळण्याची सवय असेल, मूल भुकेले किंवा झोपेला आलेले असेल, तर त्याच मुलाचे दोन दिवसांचे खेळणे एकमेकांशी जुळत नाही.

म्हणून सुरुवात उताण्या कार्डांपासून करावी आणि आधी संचातून निवड करावी. पहिल्या आठवड्यात हत्ती, मोर, ससा आणि वाघ असे आकाराने, रंगाने आणि बांध्याने एकमेकांपासून दूर असलेले चारच प्राणी घ्यावेत. प्रत्येकाचे एक कार्ड जमिनीवर ओळीने मांडावे आणि दुसरे एकेक करून तिच्या हातात द्यावे. चारही एकदम देऊ नयेत. ती कार्ड घेऊन ओळीवरून नजर फिरवते, एखाद्यापाशी थांबते, पुढे जाते, परत येते. हे शोधणे हाच त्या वयातला खरा अभ्यास असतो. जोडी लावताना कार्ड शेजारी ठेवायला सांगावे, एकावर एक नको, म्हणजे दोन्ही चित्रे एकत्र दिसतात आणि चुकले असल्यास पुष्कळदा तिचे तिलाच कळते.

आता वाघ आणि बिबट्या यांच्याकडे येते, कारण आपल्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे. जोड्या लावण्याच्या खेळात मुलाला प्रत्यक्षात एकच प्रश्न विचारलेला असतो: ‘सारखे’ म्हणजे काय? आपल्या लेखी उत्तर ठरलेले आहे, अगदी तेच चित्र. मुलाच्या लेखी ते ठरलेले नसते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांच्या वर्गीकरणाचा अभ्यास करताना हे टिपून ठेवले आहे की, या वयाची मुले वस्तू एकत्र लावताना रंगापासून सुरुवात करतात, मध्येच आकाराकडे वळतात आणि शेवटी त्या वस्तूंचे एखादे घर किंवा आगगाडी तयार करून मोकळी होतात. मुलांच्या जोड्यांमागे कारण असते, फक्त ते प्रत्येक वेळी आपले कारण नसते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने हत्ती आणि रानडुक्कर यांची जोडी लावली होती. मी विचारल्यावर तिने सांगितले, “दोघांचे दात तोंडाबाहेर आलेत.” हे निरीक्षण इतके नेमके होते की त्या दिवशी मी तिची जोडी मोडली नाही, उलट ‘दात बाहेर असलेले प्राणी’ असा नवा गट आम्ही सुरू केला. (मोठ्यांसाठी एक माहिती: रानडुकराचे बाहेर आलेले दात खरोखरीच सुळे असतात, तर हत्तीचे आपण ज्यांना सुळे म्हणतो ते वाढलेले पटाशीचे दात असतात. चार वर्षांच्या मुलीला हे सांगण्याची गरज नाही.) दुसऱ्या एका मुलाने चितळाशेजारी वानर ठेवले आणि ‘ते मित्र आहेत’ असे म्हटले. त्याचे आजोबा चंद्रपूरकडचे होते. वानरे झाडावरून पाने आणि फळे खाली टाकतात, चितळे ती खातात आणि वाघाची चाहूल लागली की वानराच्या ओरडण्याने चितळे सावध होतात, हे त्याने त्यांच्या तोंडून ऐकले होते. चित्र जुळवण्यापेक्षा ही जोडी किती तरी पुढची होती, आणि मी ‘चूक’ म्हटले असते तर ती मला कळलीच नसती.

आपल्या मुलीच्या जोडीमागे आणखी एक कारण असू शकेल. घरात आजी-आजोबा बिबट्याला काय म्हणतात, ते जरा आठवून पाहावे. जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात आणि इतरही पुष्कळ गावांत बिबट्याला सर्रास ‘वाघ’च म्हणतात, वेगळे सांगायचेच झाले तर हा ‘बिबट्या वाघ’ आणि तो ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या वाघ’. पालघरकडच्या वारली आणि महादेव कोळी लोकांच्या वाघोबा या दैवतातही वाघ आणि बिबट्या दोघांना जागा आहे. मुलीने घरात ऐकलेल्या शब्दानुसार दोन वाघ एकत्र ठेवले असतील, तर तिने भाषा बरोबर वापरली आहे. तेव्हा दुरुस्ती करण्याऐवजी “तुला यांच्यात काय सारखं दिसलं?” असे आधी विचारावे, तिचे उत्तर पूर्ण ऐकावे आणि मग “हो, दोघेही मांजरासारखे आहेत. आता अंगावर बोट फिरवून बघ, पट्टे कुणाला आणि ठिपके कुणाला?” असे म्हणून वाघाचे आणि बिबट्याचे उरलेले एकेक कार्ड जवळ आणावे. तिने स्वतः शोधलेला फरक टिकतो, आपण सांगितलेला उद्या विसरला जातो.

प्राण्यांच्या नावांबाबत संच तपासून घेणेही आवश्यक आहे. बाजारातल्या अनेक संचांतली चित्रे परदेशी जंगलांची असतात आणि त्यांना मराठी नावे चिकटवलेली असतात. लालसर अंगाचा, झुबकेदार शेपटीचे टोक पांढरे असलेला जो प्राणी ‘कोल्हा’ म्हणून छापला जातो, तो आपला कोल्हा नसतो. महाराष्ट्रात माळावर आणि शेताच्या कडेला दिसणारा कोल्हा करड्या-तपकिरी रंगाचा, लांडग्यासारखा पण लहान असतो. त्या चित्रातल्या प्राण्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड, आणि त्याच्या शेपटीचे टोक काळे असते. अंगावर ठिपके दिसले की ‘चित्ता’ छापण्याची चूकही नेहमीची आहे. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्याचे ठिपके मधून पोकळ, फुलाच्या पाकळ्या गोल मांडाव्यात तसे असतात. चित्ता गवताळ माळरानाचा प्राणी आहे, भारतातून तो नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले गेले. जिराफ आणि झेब्रा यांची कार्डे मी सुरुवातीला बाजूला ठेवते, कारण ते आपल्याच डोंगरापलीकडे राहतात असे मुलांना वाटू लागते. त्यांच्याऐवजी गवा, सांबर, अस्वल, साळिंदर, मुंगूस आणि भीमाशंकरच्या झाडांवर उड्या मारणारे शेकरू घ्यावे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असूनही विकतच्या संचांत मला तो फारसा आढळलेला नाही.

नाव ठाऊक नसलेल्या प्राण्याची जोडी लावणे मुलाला जड जाते, कारण मनात धरून ठेवायला शब्दच नसतो. यासाठी मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीतला तीन पायऱ्यांचा पाठ मी आजही वापरते. आधी आपण सांगायचे, “हे अस्वल, हा गवा.” मग विचारायचे, “अस्वल कुठे आहे? गवा मला दे.” आणि सगळ्यात शेवटी, बोट ठेवून, “हा कोण?” दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांचे अंतर पडते, आणि घरी आपण घाईने थेट तिसरा प्रश्न विचारून मुलाला गप्प करतो. नावांना ‘वाघोबा’, ‘कोल्होबा’ असे लाडाचे रूप दिले तरी हरकत नाही, मात्र माकड आणि वानर, कोल्हा आणि लांडगा, हरीण आणि सांबर हे शब्द मोठ्यांनी एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

उताण्या चार जोड्या तिला सहज जमू लागल्या की जोड्या वाढवण्याआधी जोडीचा प्रकार बदलावा, असा माझा आग्रह आहे. अगदी एकसारखी दोन चित्रे जुळवताना डोळा काम करतो. प्राणी ओळखावा लागतोच असे नाही, पिवळ्या डागाशी पिवळा डाग जुळवूनही जोडी लागते. परंतु एका चित्रात चालणारा वाघ आणि दुसऱ्यात पाण्यात बसलेला वाघ असेल, तर ‘वाघ म्हणजे काय’ याची मनातली कल्पना वापरल्याशिवाय जोडी लागणार नाही. विकतच्या संचात अशा जोड्या सहसा नसतात, म्हणून त्या घरी कराव्यात. जुन्या दिनदर्शिका, रद्दीतली मासिके आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्या यांतून प्राण्यांची छायाचित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली की झाले. पार्श्वभूमी शक्यतो कापून टाकावी, कारण हिरव्यागार झाडीतला तांबूस प्राणी लहान मुलाच्या नजरेतून निसटतो. महागड्या साधनांवाचूनही हे शिक्षण उत्तम होते, याचा पाठ आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला घालून दिलेला आहे. बिया, पाने, शंख-शिंपले, काड्या यांतून त्यांनी बालवाडीची साधने उभी केली.

यानंतर सावलीच्या जोड्या घ्याव्यात. कार्डावरचा प्राणी काळ्या कागदावर ठेवून कडेने कापला की त्याची सावली तयार होते. येथे एक काळजी घ्यावी लागते: सावलीत अंगावरच्या खुणा नाहीशा होतात, त्यामुळे वाघ आणि बिबट्या यांच्या सावल्या मोठ्या माणसालाही वेगळ्या सांगता येणार नाहीत. सावलीसाठी हत्ती, मोर, साळिंदर, शेपटी उंच धरलेले वानर आणि लांब कानांचा ससा असे बाह्यरेषेवरून ओळखू येणारे प्राणी निवडावेत आणि चित्र बाजूने काढलेले असावे. उलट अंगावरच्या नक्षीच्या जोड्या लावताना, म्हणजे कातडीचा चौकोनी तुकडा आणि पूर्ण प्राणी असा खेळ करताना, वाघ, बिबट्या आणि चितळ यांच्याइतके उपयोगी दुसरे कोणी नाही. आपल्या मुलीला याच खेळाची गोडी लागेल असे मला वाटते.

आई आणि पिल्लू यांच्या जोड्या मुलांना फार आवडतात आणि त्यांत शब्दही सुंदर येतात: हरणाचे पाडस, वाघाचा बछडा, हत्तीचे पिल्लू. यात एक तरी जोडी एकमेकांसारखी न दिसणारी ठेवावी. रानडुकराच्या लहान पिल्लांच्या अंगावर फिकट-गडद पट्टे असतात आणि ती मोठी झाली की ते जातात. हे चित्र मी दाखवते तेव्हा मुले आधी ती पिल्ले दुसऱ्याच कोणाला देऊ पाहतात, मग रानडुकराचे नाक आणि पिल्लाचे नाक यांची तुलना करतात. साडेचार-पाच वर्षांच्या मुलांसाठी प्राणी आणि त्याचे खाणे (अस्वल आणि वाळवीचे वारूळ), प्राणी आणि त्याचे घर (शेकरू आणि काटक्या-पानांचे घरटे, साळिंदर आणि बीळ), प्राणी आणि पाऊल अशा जोड्या घेता येतात. पाऊलठसे घरीही अनुभवता येतात. ओल्या मातीत कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात आणि मांजराच्या ठशात सहसा उमटत नाहीत, कारण मांजर चालताना नखे आत ओढून घेते. वाघाच्या ठशाचेही तसेच असते. अंगणात मांजर येत असेल तर हा धडा कार्डांवाचून होतो.

आतापर्यंतचा क्रम थोडक्यात असा: आधी दूरच्या प्राण्यांच्या उताण्या जोड्या, मग त्याच प्राण्याची दोन वेगवेगळी चित्रे, मग सावली आणि नक्षी, मग आई-पिल्लू, आणि हे सगळे सुरू असताना अधूनमधून, फार तर तीन जोड्यांची, पालथी कार्डे. क्रम तंतोतंत पाळण्याची सक्ती नाही. एखादे मूल सावलीत रमते आणि पिल्लांकडे पाहतही नाही, तर त्याला सावलीतच राहू द्यावे.

पालथ्या कार्डांबाबत दोन-तीन गोष्टींनी मोठा फरक पडतो. मुले कार्ड उलटून पाहिल्यावर ते पुन्हा त्याच जागी ठेवत नाहीत, आणि जागा हलली की लक्षात ठेवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. म्हणून जमिनीवर खडूने सहा चौकोन आखावेत किंवा जुन्या चादरीवर दोऱ्याने टाके घालून चौकोन करावेत, आणि ‘ज्याचे घर त्याला’ असा एकच नियम ठेवावा. आपली पाळी खेळताना आपण मोठ्याने बोलावे, “हा ससा, खिडकीकडच्या कोपऱ्यात. दुसरा ससा मघाशी दाराजवळ दिसला होता.” जागेला शब्द मिळाला की ती लक्षात राहते, आणि महिनाभरात मुले हेच पुटपुटू लागतात. कोणाकडे किती जोड्या झाल्या हे मोजणे मी पाच वर्षांपर्यंत टाळते. दोघांनी मिळून सगळ्या जोड्या शोधायच्या असा खेळ ठेवला की हरण्याचे कारण उरत नाही आणि रडणेही थांबते. खेळ दहा मिनिटांचा पुरे, आणि तिने मध्येच कार्डे गोळा करून त्यांची रांग लावली तर ती रांग कोठे निघाली आहे, ते विचारावे.

काही गोष्टी मात्र पत्रावरून सांगता येत नाहीत. चार वर्षे पूर्ण झाल्यावरही ओळखीच्या वस्तूंची अगदी एकसारखी, उताणी चित्रे तिला जुळवता येत नसतील, ती कार्ड डोळ्यांच्या अगदी जवळ नेत असेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. माझ्या वर्गात ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्या दोन मुलांना प्रत्यक्षात चष्म्याची गरज होती. लाल-हिरव्या रंगांतला फरक न कळणे मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळते, हेही ध्यानात असू द्यावे. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकचे लहान प्राणी त्याच्या हाती लागू देऊ नयेत. नवे खेळणे विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांसाठी बंधनकारक आहे.

मोबाइलवरच्या खेळाविषयी माझे मत स्पष्ट आहे: या वयात तो कार्डांची जागा घेऊ शकत नाही. पडद्यावर चुकीचे कार्ड आपोआप पालथे होते, बरोबर जोडीला टाळ्या वाजतात आणि ‘तुला काय सारखं दिसलं?’ असे विचारणारे तेथे कोणी नसते. वाघ-बिबट्याची जोडी तेथे केवळ चूक म्हणून पुसली गेली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसात एक तासापेक्षा अधिक नसावा, आणि कमी असेल तितके चांगले. प्रवासात कधी दहा मिनिटे दिलाच तर शेजारी बसून तिच्याशी बोलत राहावे.

आज ४८ पैकी ४० कार्डे कपाटात ठेवून द्यावीत. आपण मांडण्याआधीच ती स्वतः चौकोनांत कार्डे पालथी घालून ‘आई, आता तू डोळे मीट’ असे म्हणू लागली, की आणखी दोन जोड्या बाहेर काढाव्यात, आणि त्यांतली एक बिबट्याची असावी.